विद्यापीठातलं राजकारण आणि बोलण्याची मुभा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण प्राध्यापक हे प्रश्न नेहमी विचारतात. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातली सार्वजनिक विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयं यांना धरून दिली आहेत, बाहेरचे दाखले गरजेपुरते. प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं असेल तर हे पान बंद करा आणि आधी वकील गाठा.

सरांनी वर्गात राजकारण बोलणं चूक आहे का?

विषय कोणता, यावर आहे. राज्यशास्त्राच्या वर्गात आणीबाणी किंवा मंडल आयोग राजकारण टाळून शिकवायचा म्हणजे नुसत्या सनावळ्या पाठ करून घ्यायच्या. तिथे सरांना स्वतःचं मत असणारच. ते लपवून आडून आडून पेरण्यापेक्षा ‘हे माझं मत, आता विरुद्ध बाजूचं म्हणणं ऐका’ असं सांगून टाकलेलं बरं. गणिताच्या तासाला मात्र वीस मिनिटं काल रात्रीच्या टीव्हीवरच्या भांडणात जात असतील, तर पक्ष कोणताही असो, तुमचा तास बुडतोय. त्याची तक्रार पक्षपाताची म्हणून करू नका. पोर्शन अपुरा राहतोय म्हणून करा. दखल लवकर घेतली जाते.

पक्षपात ओळखायचा तर सर काय बोलतात यापेक्षा पुढे काय घडतं ते बघा. वेगळं मत मांडणाऱ्या मुलीला सर उत्तर देतात, की तिची टर उडवतात? टर उडवली, वर्ग खो खो हसला, की उरलेली साठ मुलं वर्षभर गप्प बसतात. मग सर डावे आहेत की उजवे, याने काही फरक पडत नाही.

आपली विद्यापीठं डाव्यांच्या ताब्यात आहेत, हे खरं का?

काही ठिकाणी, काही काळ, खरं होतं. इंदिरा गांधींच्या काळात नुरुल हसन शिक्षणमंत्री असताना दिल्लीतल्या इतिहासविषयक संस्थांमध्ये एका विचाराच्या अभ्यासकांचं वजन होतं, हे त्यांचे समर्थकही फारसं नाकारत नाहीत. पश्चिम बंगालात डाव्या आघाडीच्या ३४ वर्षांत कॉलेजातल्या नेमणुकांवर पक्षकार्यालयाची नजर असायची. माकपचे तिथले सचिव अनिल विश्वास यांच्या नावावरून लोक त्या कारभाराला ‘अनिलायन’ म्हणत. डावे गेले आणि तृणमूल आली, तर २०१२ मध्ये जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना ममता बॅनर्जींवरचं व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. त्यातून सुटायला त्यांना २०२३ उजाडलं.

दिल्लीत आता पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं आहे आणि तक्रार करणारे बदलले आहेत. महाराष्ट्रात मात्र हे डावं-उजवं प्रकरण वरवरचं आहे. आपल्याकडचं दुखणं वेगळं.

मग महाराष्ट्रात तोंड बंद कोण करतं?

बहुतेक वेळा कोणी करत नाही. ते आपोआप बंद होतं.

तासिका तत्त्वावरचा, म्हणजे सीएचबीचा प्राध्यापक डोळ्यांपुढे आणा. नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा झालेली, बऱ्याचदा पीएचडीही. नेमणूक सत्रापुरती किंवा वर्षापुरती. पैसे घेतलेल्या तासांचे, उन्हाळ्याच्या सुट्टीचे काही नाही, आणि केलेल्या तासांचं बिलही महिनोन्महिने अडकलेलं. जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत. समोर प्राचार्य, विभागप्रमुख आणि संस्थेचा माणूस. हा प्राध्यापक मुलाखतीच्या आठवड्यात व्हॉट्सॲपचं स्टेटस पुसतो, फेसबुकवरची दोन वर्षांपूर्वीची पोस्ट शोधून काढून टाकतो. त्याला तसं कोणी सांगितलेलं नसतं. असा माणूस आरक्षणावर, साखर कारखान्यांच्या थकबाकीवर किंवा तालुक्याच्या पाणीवाटपावर वर्गात मोकळेपणी बोलेल, ही अपेक्षा कशी करायची?

तालुक्याचं पाणी म्हटलं, कारण संस्थाचालक बऱ्याचदा त्याच तालुक्याचे आमदार, माजी आमदार किंवा कारखान्याचे चेअरमन असतात. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं आणि ‘शिक्षणसम्राट’ हा आपला खास मराठी प्राणी जन्माला आला. तो काँग्रेसमध्ये होता, मग राष्ट्रवादीत गेला, मग भाजपमध्ये. कॉलेजच्या कमानीवरचा फ्लेक्स बदलत गेला, स्टाफरूममधली शांतता आहे तशीच राहिली. याला विचारसरणीचा पक्षपात म्हणणं म्हणजे विचारसरणीला उगाच मोठेपणा देणं. पूर्णवेळ, कायम पदं भरली तर कॅम्पसवरच्या मोकळेपणात जेवढा फरक पडेल तेवढा दहा परिसंवादांनी पडणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अभ्यासक्रमातून पुस्तक काढून टाकायचा अधिकार कोणाला असतो?

रीतसर मार्ग असा: त्या विषयाचं अभ्यास मंडळ सुचवतं, विद्याशाखा बघते, विद्यापरिषद मंजूर करते. आडमार्गही आहे. तातडीची परिस्थिती असेल तर कुलगुरू स्वतःच्या अधिकारात निर्णय घेऊन नंतर संबंधित मंडळाला कळवू शकतात.

हा आडमार्ग कसा वापरला जातो, ते २०१० साली मुंबईत दिसलं. द्वितीय वर्ष बीएच्या इंग्रजी साहित्याला रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी होती. १९७१ च्या मुंबईतल्या एका पारशी बँक कर्मचाऱ्याची गोष्ट. पुस्तक १९९१ चं, बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत आलेलं, आणि या वादाआधीही मुलं ते निवांत वाचत होती. त्यात शिवसेनेबद्दल आणि मराठी माणसाबद्दल आक्षेपार्ह मजकूर आहे, अशी तक्रार विद्यार्थी सेनेने केली, प्रती जाळल्या, आणि नुकतेच रुजू झालेले कुलगुरू राजन वेळूकर यांनी तातडीचे अधिकार वापरून कादंबरी काढली. मोहिमेच्या पुढे आदित्य ठाकरे होते, तेव्हा सेंट झेवियर्समध्ये इतिहास शिकणारे. त्याच कॉलेजचे प्राचार्य फादर फ्रेझर मस्कारेन्हस यांनी या निर्णयावर जाहीर टीका केली. आणि शिवसेनेच्या विरोधात सत्तेवर बसलेल्या काँग्रेसचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण? त्यांनाही मजकूर आक्षेपार्हच वाटला.

कादंबरी चांगली की वाईट, हा वाद तेव्हा खूप रंगला. विचारायला हवा होता तो प्रश्न असा: कित्येक सत्रं शिकवलेल्या पुस्तकात एका आठवड्यात ‘तातडी’ कुठून आली? उत्तर उघड आहे. तातडी पुस्तकात नव्हती, विद्यापीठाच्या गेटवर होती.

दिल्ली विद्यापीठात तर रीतसर मार्गानेही तेच घडलं. ए. के. रामानुजन यांच्या रामायणपरंपरेवरच्या निबंधावरून २००८ मध्ये इतिहास विभागात मोडतोड झाली. पुढे चार तज्ज्ञांची समिती नेमली. तिघांनी निबंध ठेवायला हरकत नाही म्हटलं. २०११ मध्ये विद्यापरिषदेने तो काढला.

कलम १९ विद्यार्थ्याला लागू होतं का? की कॉलेजच्या गेटबाहेर ठेवून यायचं?

लागू होतं. कलम १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला भाषण-अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. त्यावर बंधनं घालण्याची कारणं १९(२) मध्ये मोजून दिली आहेत: देशाची सार्वभौमता व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, आणि गुन्ह्याला चिथावणी. ‘सरकारवर टीका’ यात नाही. ‘संस्थेची प्रतिमा मलिन होणे’ हेही नाही, जरी अर्ध्या कारणे दाखवा नोटिसा त्याच वाक्याने सुरू होतात.

२०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकूर गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. त्यात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या: एखाद्या मताची चर्चा करा, हिरिरीने बाजू मांडा, दोन्ही चालेल, चिथावणीपाशी कायदा हात घालू शकतो. त्या खटल्याचं मूळ आपल्याच पालघरला आहे. बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी आणि ती पोस्ट लाइक करणारी अशा दोन मुलींना नोव्हेंबर २०१२ मध्ये अटक झाली होती. याचिका करणारी श्रेया सिंघल तेव्हा कायद्याची पदवी घ्यायच्या वाटेवर असलेली तरुणी होती.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. मूलभूत हक्क ‘राज्य’ या व्याख्येत बसणाऱ्या संस्थांविरुद्ध थेट मागता येतात. सार्वजनिक विद्यापीठ त्यात बसतं, खासगी विद्यापीठ सहसा बसत नाही. हरियाणातल्या अशोका विद्यापीठात लोकसभा निवडणुकीच्या निकालांवरच्या एका शोधनिबंधावरून २०२३ मध्ये वाद झाला. संस्थेने हात झटकले आणि लेखक सव्यसाची दास यांनी राजीनामा दिला. खासगी विद्यापीठात तुमचं संरक्षण म्हणजे त्यांचे स्वतःचे नियम. प्रवेश घेताना फीच्या तक्त्यासोबत तेही वाचा. कोणी वाचत नाही, हे मला माहीत आहे.

आमच्या नाटकाने भावना दुखावल्या म्हणतात. गुन्हा होतो?

जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २९५अ, आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, यात ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ धार्मिक भावना दुखावणं असं म्हटलं आहे. कोणाला तरी वाईट वाटलं एवढ्यावर ते बसत नाही, आणि न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची परवानगी लागते. पण अटक त्याआधीच होऊ शकते, गोम तिथे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतींवरचं विद्यार्थ्यांचं नाटक बंद पाडलं गेलं. त्यानंतर विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थी अटकेत गेले. जामीन झाला, पण रात्र कोठडीत गेलीच. पुढच्या वर्षी त्याच वर्गात संहिता निवडताना ती रात्र सगळ्यांच्या डोक्यात असते.

इन्स्टाग्रामवरच्या पोस्टवरून कॉलेज मला काढून टाकू शकतं का?

म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नाही. मे २०२५ मध्ये पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या जम्मू-काश्मीरच्या १९ वर्षांच्या मुलीने ऑपरेशन सिंदूरसंबंधी एक पोस्ट पुढे टाकली. थोड्याच वेळात काढली, माफी मागितली. तरी अटक झाली, आणि कॉलेजने तिला बाजू मांडू न देता नाव कमी केलं. परीक्षा तोंडावर होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात तिला जामीन दिला, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि सरकार व कॉलेज दोघांनाही फटकारलं: मुलीला सुधारायचं की गुन्हेगार करायचं, असा सूर होता.

इथे पोस्ट शहाणपणाची होती का, हा मुद्दाच नाही. कॉलेजने एक नोटीस, दोन दिवसांची मुदत आणि अर्ध्या तासाची सुनावणी एवढं केलं असतं, तरी त्यांची बाजू न्यायालयात इतकी लंगडी पडली नसती.

मोर्चात गेलो तर शिक्षा होऊ शकते?

मोर्चाला जाणं गुन्हा नाही. संस्थेचं नाव वापरलंत तर वाद होतो. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये एका दलित पीएचडी संशोधकाला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. संस्थेचं नाव जोडलेल्या संघटनेच्या बॅनरखाली दिल्लीतल्या मोर्चात भाग घेतला, हा एक आरोप होता. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने निलंबन कायम ठेवलं: मत ठेवायला मोकळा, पण ते संस्थेचं मत वाटेल असं करायला नाही. दोन महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने भोगलेली मुदत पुरे म्हणून त्याचा पीएचडीचा रस्ता मोकळा केला.

उच्च न्यायालयाचा तर्क मला अर्धाच पटतो. बॅनरवर संस्थेचं नाव वाचून कोणी ते संचालकांचं धोरण समजेल, असं वाटत नाही. तरी व्यवहाराचा सल्ला हाच: बॅनरवर संघटनेचं नाव लिहा, कॉलेजचं टाळा.

विद्यार्थी निवडणुका का होत नाहीत?

१९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. त्यानंतर थेट निवडणुका बंद होऊन गुणवत्तेवर नेमणुका सुरू झाल्या. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुका कागदावर परत आणल्या; प्रत्यक्षात त्या पुढे ढकलण्याचंच काम चालू राहिलं. लिंगडोह समितीने २००६ मध्ये उमेदवाराला ५,००० रुपयांची खर्चमर्यादा, छापील पोस्टरना बंदी, वयाची अट असे नियम घालून दिले आहेत. देशात अनेक ठिकाणी त्यानुसार मतदान होतं, तेव्हा ‘हिंसाचार होईल’ हे कारण आता शिळं झालं आहे.

अधिसभेची (सिनेटची) निवडणूक मात्र होते, आणि ती उघड पक्षीय असते. मुंबई विद्यापीठात २०२४ मध्ये तारखा इतक्या पुढे गेल्या की शेवटी मतदानाच्या दोन दिवस आधी आलेली स्थगिती उच्च न्यायालयाने उठवली. नोंदणीकृत पदवीधरांच्या दहाही जागा उद्धव ठाकरे गटाच्या युवासेनेने जिंकल्या. स्थगिती कोणाला हवी होती, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

कुलगुरू कोण नेमतं? तिथे राजकारण असतं का?

कुलपती, म्हणजे राज्यपाल, शोध समितीने सुचवलेल्या नावांतून नेमतात. राजकारण? डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडीने कायदा बदलून मंत्र्याला प्र-कुलपती करायचं आणि नावं सरकारमार्फत पाठवायचं ठरवलं. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि ती दुरुस्ती मागे घेतली गेली. एका बाजूला राज्यपालाची मूठ घट्ट, दुसऱ्या बाजूला मंत्र्याची. अधिसभा, विद्यापरिषद किंवा प्राध्यापकांच्या हातात अधिकार द्यावा, असं दोघांपैकी कोणी सुचवलं नाही.

आम्ही वक्ता बोलावला, एका संघटनेने धमकी दिली, प्राचार्यांनी कार्यक्रम रद्द केला. बरोबर आहे का?

नाही, पण प्राचार्यांची अडचण खरी असते. काचा फुटल्या तर संस्था त्यांनाच विचारते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या एस. रंगराजन निकालात म्हटलं आहे की जमाव दंगा करील या भीतीपुढे सरकारने मान टाकणं म्हणजे कायद्याचं राज्य सोडून देणं. बंदोबस्त देणं पोलिसांचं काम आहे. म्हणून परवानगी लेखी मागा, नकारही लेखी मागा. ‘वरून फोन आला’ हे कागदावर लिहायला कोणी धजत नाही आणि कधीकधी तेवढ्यानेच परवानगी मिळते.

हेच उलट बाजूनेही लागू. न पटणारा वक्ता आला तर सभागृहाबाहेर फलक धरा, प्रश्नोत्तरात अडचणीत आणा, पत्रक वाटा. माइक हिसकावणं आणि व्यासपीठ अडवणं हे अभिव्यक्तीत मोडत नाही, मग वक्ता कितीही डोक्यात जाणारा असो.

पूर्वी प्राध्यापक बिनधास्त बोलायचे ना?

रघुनाथराव कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारं पुणं तर त्याहून जुनं. बोलणारे तेव्हाही मोजकेच होते आणि किंमत मोजूनच बोलत होते.

अमेरिकेत एमएसला जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

तिथली भाषणस्वातंत्र्य देणारी पहिली घटनादुरुस्ती सरकारी विद्यापीठांना बांधते, खासगींना नाही. शिवाय व्हिसा हे वेगळंच प्रकरण. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. त्या वर्षी पॅलेस्टाइनच्या बाजूने बोलणाऱ्या काही परदेशी विद्यार्थ्यांना अटक झाली, काहींचे व्हिसा गेले. तिकडे सगळं मोकळं असतं, ही पुण्या-मुंबईतली समजूत जरा जुनी झाली.

वेगळं मत लिहिलं म्हणून मार्क कापले असं वाटतं. काय करू?

विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत हे घडण्याची शक्यता कमी. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, आणि तपासणाऱ्याला दिवसाचा गठ्ठा संपवायची घाई असते. तुमची विचारसरणी शोधायला त्याला वेळ नसतो. तरी शंका असेल तर छायाप्रत मागवा, मग पुनर्मूल्यांकन. माहिती अधिकारातही स्वतःची उत्तरपत्रिका बघता येते. सर्वोच्च न्यायालयाने ते २०११ मध्येच मान्य केलं आहे.

खरी दुखरी जागा म्हणजे इंटर्नल, व्हायवा आणि पीएचडीच्या गाईडची सही. तिथे नाव, चेहरा, आडनाव सगळं समोर असतं. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. अपारदर्शक किंवा अन्यायकारक मूल्यमापन हे तक्रारीचं मान्य कारण आहे. अर्जात ‘सर अमुक पक्षाचे आहेत’ असं लिहू नका. कोणत्या तारखेला, कोणत्या सबमिशनला, कोणत्या निकषावर किती गुण दिले आणि तोच निकष इतरांना कसा लावला, एवढंच लिहा. अर्ज दोन प्रतींत न्या. एक कार्यालयात द्या, दुसरीवर तारखेसह शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. लिपिक ‘ठेवून जा, साहेबांना देतो’ म्हणाला तर तिथेच उभे राहा, किंवा पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा.